माळावरचा लांडगा : माणसांच्या मुलखातील वावर

भारतीय लांडगा हा घनदाट जंगलात नव्हे, तर गावांच्या शिवेवर, गवताळ माळांवर आणि कोरडवाहू रानांत राहणारा श्वानकुळातील प्राणी आहे. देशभरात त्याची संख्या दोन ते तीन हजारांच्या घरात मानली जाते आणि त्यांतले बहुतेक लांडगे अभयारण्यांच्या बाहेर राहतात. महाराष्ट्रात सोलापूर आणि अहिल्यानगर हे जिल्हे, पुण्याचे पूर्वेकडचे तालुके, साताऱ्याचा दुष्काळी पट्टा आणि मराठवाडा हा त्याचा मुलूख. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच रांगेत, तो आहे. त्याच्या अधिवासाला मात्र असे संरक्षण नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतजवळचे रेहेकुरी काळवीट अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचे आहे, आणि लांडग्यांच्या एका टोळीला शंभर-दोनशे चौरस किलोमीटर रान लागते. साहजिकच टोळीचा बराचसा वावर शेते, रस्ते आणि वस्त्या यांच्यामधूनच होतो.

लांडगा आपली दिनचर्या माणसाच्या दिनचर्येवर बेततो. दिवसा माळावर गुराखी असतात आणि शेतात कामे चालू असतात, तेव्हा तो घाणेरीच्या जाळीत, ओढ्याच्या कपारीला किंवा वनखात्याच्या रोपवनातल्या सावलीत पडून राहतो. अंधार पडला की निघतो. चालण्यासाठी तो बहुधा गाडीवाट किंवा बांध धरतो, कारण तिथे पायाला काटे कमी आणि चाल वेगाची. दोन वाटा मिळतात तिथे त्याची विष्ठा हमखास सापडते. ती हद्दीची खूण असते. ती फोडून पाहिली की टोळीचा आहार कळतो : काळविटाचे केस, सशाची हाडे आणि अनेक ठिकाणी मेंढीची लोकर. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकतात तिथेही तो येतो.

मादी साधारणपणे हिवाळ्यात विते. ओढ्याच्या मातीच्या दरडीत किंवा माळावरच्या बिळात तीन ते सहा पिल्ले असतात आणि टोळीतले इतरही त्यांना भरवतात. बिळाजवळ माणसांची वर्दळ वाढली की मादी पिल्ले तोंडात धरून दुसरीकडे हलवते. बीळ दिसल्याची बातमी आणि फोटो मोबाईलवरून फिरवणे म्हणूनच घातक आहे. ज्यांना लांडग्याची खरोखर आस्था आहे त्यांनी बिळाची जागा कोणालाही सांगू नये.

लांडग्याचा सर्वांत जुना शेजारी म्हणजे धनगर. मेंढरे रात्री वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, कोंडली जातात, भोवती कुत्री असतात, वाड्यातले, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तळावरचे, कोणीतरी जागे असते. लांडगा कळपामागे राहिलेले कोकरू हेरतो. कधी रात्री वाघरीत उडी घेतो आणि मग घाबरलेली मेंढरे चेंगरूनही मरतात. एवढे सोसूनही अनेक वाड्यांवर लांडग्याचा एक वाटा धरलेला असतो आणि सूड म्हणून विष घालण्याचा मार्ग धरला जात नाही. ही सहनशीलता फुकटची नाही, तिची किंमत गरीब कुटुंब मोजते. सरकारी भरपाई आहे, पण ती पंचनाम्यानंतर मिळते, आणि उद्या पुढच्या गावाला निघणाऱ्या वाड्याने पंचनाम्यासाठी थांबायचे कसे?

माळ मात्र झपाट्याने आटतो आहे. महसुली कागदांवर तो ‘पडीक’ ठरतो, म्हणून तो कशालाही देता येतो : प्लॉटिंग, कारखाने, सौर प्रकल्प, रस्ते. वनीकरणाच्या नावाखाली चर खणून गवताळ जागेत झाडे लावली जातात, तेही नुकसानच. कालव्याचे पाणी पोहोचले तिथे ऊस आला. उसात बिबट्या रुळला, कोल्ह्यालाही लपण मिळाले. कोल्हा तर मुंबईलगतच्या खारफुटीतही तग धरून आहे. लांडग्याला आणि माळावरच्याच खोकडाला, म्हणजे कोल्ह्याहून लहान अशा त्याच्या भाईबंदाला, मात्र उघडे रान लागते.

दुसरे संकट भटक्या कुत्र्यांचे. गावाबाहेरच्या कचऱ्यावर पोसलेली कुत्री रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य रोग) पसरवतात. संकराचा धोकाही खरा आहे. पुण्याजवळ दिसलेल्या फिक्या रंगाच्या एका प्राण्याच्या जनुकीय तपासणीतून तो लांडगा आणि कुत्रा यांचा संकर असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. टोळी विरळ झाली आणि जोडीदार मिळेना, की असे घडण्याची शक्यता वाढते.

माणसावर हल्ला ही दुर्मीळ गोष्ट असली तरी ती घडते. उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात २०२४ च्या पावसाळ्यात घागरा नदीकाठच्या गावांत लांडग्यांच्या हल्ल्यांत मुले दगावली आणि वनखात्याला लांडगे पकडण्याची मोहीम काढावी लागली. दारे नसलेली घरे, अंगणात झोपलेली लहान मुले आणि उघडे शिवार असलेल्या भागात ही भीती खरी असते. तिला अंधश्रद्धा म्हणून झटकणे चूक आहे. पिसाळलेल्या लांडग्याचे हल्ले ही वेगळी बाब. तिथे कुत्र्यांचे लसीकरण, चावलेल्या माणसाची जखम साबण-पाण्याने लगेच धुणे आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात वेळेत लस घेणे हाच उपाय.