क्रूझर मोटारसायकल नव्वदच्या पुढे का डुलते? विदर्भातल्या रस्त्यांची आणि गाड्यांची पार्श्वभूमी

समृद्धी महामार्गावर दुचाकीला मज्जाव आहे, अगदी डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला तेव्हापासून. त्यामुळे विदर्भातला मोटारसायकलवाला अजून जुन्याच वाटांनी धावतो. म्हातारी माणसं ज्याला ‘धुळे-कलकत्ता रोड’ म्हणतात तो अमरावती-अकोला-खामगावचा राष्ट्रीय महामार्ग ५३, नागपूरहून हिंगणघाट-पांढरकवड्याकडे उतरणारा ४४, आणि बुटीबोरीहून वर्ध्यावरून यवतमाळला जाणारा ३६१. वाटा जुन्या, पण रुंदी आणि पृष्ठभाग नवे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकून गिनीजमध्ये नोंद झाली, ती याच रस्त्यावर. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर दुचाकीची वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. ती किती जण पाळतात हे बडनेऱ्याच्या पुढे पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं.

या रस्त्यांवर क्रूझरवाल्यांची, म्हणजे पाय पुढे टाकून बसायच्या लांब मोटारसायकली चालवणाऱ्यांची, एक तक्रार हमखास ऐकू येते: नव्वदच्या आसपास हँडल थरथरतं, किंवा ट्रक ओलांडताना गाडी मागून डुलते. गाडी वजनदार, लांब, बुटकी. मग ती तर स्प्लेंडरपेक्षा ठाम चालायला हवी, असा साधा हिशेब असतो. आपल्याकडे ही तक्रार नवी वाटते, कारण इतक्या वेगाने सलग तासभर गाडी पळवायची सोयच नव्हती.

मद्रासला एनफील्ड इंडियाची स्थापना झाली १९५५ मध्ये. त्यानंतर बुलेट लष्करात, पोलिसात आणि गावातल्या बड्या शेतकऱ्याच्या अंगणात आली. पुढे राजदूत आली, आणि १९८५ च्या हिरो होंडा सीडी १०० पासून चार-स्ट्रोक, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांचा काळ सुरू झाला. या सगळ्या गाड्या एकपदरी डांबरी रस्त्यावर चालल्या, जिथे समोरून एसटी आली की साईडपट्टीच्या मुरुमात उतरावं लागे. वेग पन्नास, फार तर साठ. तालुक्याच्या गावातलं गॅरेज याच वेगावर घडलं. तिथल्या मिस्त्रीला कार्बोरेटर कानाने लावता येतो, क्लच प्लेट डोळे मिटून बदलता येतात, पण हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, हा खडखडला तरच बघायचा भाग. पन्नासच्या वेगात ढिला कोनसेट फक्त खडखडतो. नव्वदला तो गाडीचा स्वभावच बदलून टाकतो. माझ्या मते इथल्या बहुतेक तक्रारींचं मूळ या फरकात आहे: रस्ता आणि इंजिन शंभरच्या वेगाला पोचले, देखभाल साठलाच राहिली.

क्रूझरचा घाट मुळात अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या तरुणांनी मोठ्या गाड्यांवरचे मडगार्ड आणि पत्रे काढून त्या हलक्या केल्या. साठच्या दशकात पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, लांब आणि जास्त कललेला करायची फॅशन आली. १९७१ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने सुपर ग्लाइड काढली, तेव्हा घरगुती हौशीचं हे रूप कारखान्यातून विकायला आलं. आपल्याकडे हा घाट २००१ च्या बजाज-कावासाकी एलिमिनेटरने आणला. २००२ मध्ये रॉयल एनफील्डच्या थंडरबर्डने आणि २००५ मध्ये बजाजच्या अॅव्हेंजरने तो सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणला, आणि २०२० मध्ये रॉयल एनफील्डची मिटिओर ३५० आली. स्प्लेंडरच्या दोन चाकांमधलं अंतर १२३६ मिलिमीटर आहे. मिटिओरचं १४००, अॅव्हेंजर २२० चं १४९०.

लांब चाकांतर आणि कललेला फोर्क यामागे कारण आहे. हँडल ज्या आसावर फिरतं त्याची रेषा खाली जमिनीपर्यंत नेली, तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं छोटं चाक जसं आपल्या खिळ्याच्या मागे फरफटत येतं आणि आपोआप सरळ होतं, तसंच गाडीचं पुढचं चाक ट्रेलमुळे सरळ होऊ पाहतं. ट्रेल जास्त असेल तर सरळ रस्त्यावर गाडी सहसा शांत चालते, पण बाजारातल्या गर्दीत हँडल जड पडतं. मात्र त्याच स्ट्रेचरचा खिळा ढिला असेल आणि तो जोरात ढकलला, तर चाक थडथड हलायला लागतं. गाडीचं थरथरणं हा जवळपास तोच प्रकार.

याचं गणित जुनं आहे. केंब्रिजच्या फ्रान्सिस व्हिपलने १८९९ मध्येच सायकलच्या स्थिरतेची समीकरणं मांडली होती. फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या घुमण्यामुळेच सायकल उभी राहते, अशी समजूत पुढे बराच काळ होती. १९७० मध्ये डेव्हिड जोन्सने उलट दिशेने फिरणारं जादा चाक बसवून तो परिणाम जवळपास रद्द केला, तरी ती सायकल त्याला चालवता आली. २०११ मध्ये तर ट्रेल आणि घुमणं हे दोन्ही नसतानाही सायकल स्वतःला सावरू शकते, असं प्रयोगाने दाखवलं गेलं. एकाच कारणावर बोट ठेवणाऱ्यांना हा इतिहास सांगावासा वाटतो.

मोटारसायकलपुरतं बोलायचं तर कामाची गोष्ट १९७१ मधली. ब्रिटिश अभियंते रॉबिन शार्प यांनी टायरच्या बाजूच्या घसरणीसह गणित मांडलं आणि गाडीची डुलणी वेगवेगळी ओळखली. एक वॉबल: फक्त पुढचं चाक आणि हँडल सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा थरथरतं. दुसरी वीव्ह: सगळी गाडी, विशेषतः मागचा भाग, सेकंदाला दोन ते चार वेळा नागमोडी डुलतो, आणि वेग वाढेल तसं हे डुलणं शमायला जास्त वेळ लागतो. आपल्याकडे दोन्हींना ‘गाडी हालते’ एवढंच म्हटलं जातं. इलाज मात्र वेगळे आहेत.

हे गणित त्या काळात कागदावर आलं याला कारणही होतं. तेव्हाची इंजिनं चौकटीच्या पुढे गेली होती. १९६९ ची कावासाकी एच१ पाचशे सीसीची, साठ अश्वशक्तीची. तिचं वेगात डुलणं बदनाम होतं. त्याआधी दोन दशकं, १९५० मध्ये, बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंची फेदरबेड चौकट असलेल्या नॉर्टनने आइल ऑफ मॅनची शर्यत जिंकून दाखवून दिलं होतं की चौकट पिळवटली नाही तर तेच इंजिन जास्त वेगाने, जास्त विश्वासाने पळवता येतं. फिरत्या आर्मचं, म्हणजे मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्याचं, मागचं सस्पेन्शन रॉयल एनफील्डने १९४९ च्या बुलेटमध्ये विक्रीला आणलं होतं. त्यामुळे मागचं चाक खड्ड्यात उडायचं कमी झालं. पण त्याबरोबर एक नवी दुखण्याची जागाही आली: आर्म जिथे चौकटीला जोडतो तिथला बुश, म्हणजे सांध्यातली नळी. तो झिजला की मागचं चाक स्वतःच थोडं थोडं दिशा बदलतं, आणि डुलणं मागून सुरू होतं.

क्रूझरमध्ये बसायची पद्धत यात भर घालते. पाय पुढे, त्यामुळे गुडघ्यांनी टाकी धरता येत नाही. हँडल उंच आणि रुंद, त्यामुळे छातीवर येणारा वारा चालवणारा हातांनी पेलतो, म्हणजे नकळत हँडल ओढत राहतो. ट्रकचा झोत लागला की अंग हलतं आणि तो हेलकावा दंडांवाटे थेट फोर्कमध्ये उतरतो. हँडलला बसवलेली मोठी काच असेल तर वारा तिथूनही हँडल ढकलतो. डुलणं सुरू झालं की हात सोडू नयेत, पण कोपरं ढिली ठेवावीत, अंग पुढे झुकवावं आणि रेस हळूहळू कमी करावी. दचकून पुढचा ब्रेक दाबणं सगळ्यात वाईट.

विदर्भाची म्हणून जी भर पडते ती जमिनीची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरच्या डांबरी रस्त्याला लांब लांब लाटा येतात. नव्वदच्या वेगात गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. लाटा दहा मीटरवर असतील तर गाडीला सेकंदाला अडीच धक्के बसतात, म्हणजे नेमक्या वीव्हच्या ठेक्यात. लाट रस्त्याच्या एका कडेला जास्त उंच असेल किंवा गाडी वळणावर कललेली असेल, तर त्या धक्क्यांचं डुलणं व्हायला वेळ लागत नाही. पन्नासला तोच रस्ता नुसता झोका देतो.

मग सामान. फवारणीचा पंप, ढेपेचं पोतं, सणासुदीच्या पिशव्या हे सगळं मागच्या कॅरिअरवर, म्हणजे मागच्या आसाच्याही मागे. पुढचं चाक हलकं होतं आणि वीव्हला आयतं निमंत्रण मिळतं. तेच वजन सीटजवळ, खाली, दोन्ही बाजूंना सारखं बांधलं तर फरक लगेच जाणवतो.

टायरबद्दल एक हट्टी समजूत इथे आहे: उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटतो. उलट आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि डुलणंही वाढवतो. कंपनीने सांगितलेला दाब गाडी थंड असताना, सकाळी भरावा. चंद्रपूरच्या मे महिन्यातही आकडा तोच. सरळ महामार्गावर मागचा टायर मधोमध चपटा होतो, मग नक्षी शिल्लक असली तरी गाडी जराशी कलताच बिचकते. दिसायला भारी म्हणून जाड टायर टाकणाऱ्यांना काही सांगून उपयोग नसतो. चेन ताणताना आर्मच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या न ठेवणं ही तर घाईच्या गॅरेजमधली रोजची गोष्ट. तेवढ्याने मागचं चाक तिरकं बसतं.

अलीकडे ऑनलाइन स्टीअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलचं झटकन फिरणं रोखणारा दट्ट्या, मागवण्याचं वेड आलं आहे. शार्प यांच्या गणितातूनच दिसलं होतं की डॅम्पर वॉबल दाबतो, पण जास्त वेगात वीव्ह शमायला अडथळा आणतो. हँडल थरथरतं त्याला उपयोग होईल. गाडी मागून डुलते त्याचं दुखणं वाढेल. म्हणून आधी गाडी मेन स्टँडवर घ्यावी, पुढचं चाक उचलून हँडल हळूच दोन्हीकडे फिरवावं. मध्यावर खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला. मग मागचं चाक धरून आडवं हलवावं. टकटक आली तर आर्मचा किंवा चाकाचा बुश-बेअरिंग बघावा. हे दोन्ही बदलायला डॅम्परपेक्षा कमी पैसे लागतात, आणि सुटे भाग तालुक्याला मिळतात.