पावसाचं पाणी साठवा, न्हाणीचं नको

शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाची पातळी उतरायला लागली की बेळगावात हमखास एक सल्ला फिरतो: "न्हाणीचं पाणी वाया घालवू नका, पावसाच्या पाण्यासारखंच टाकीत साठवा." पहिलं अर्धं वाक्य सोन्यासारखं आहे. दुसऱ्या अर्ध्यानं मात्र माझं डोकं उठतं.

पावसाच्या पाण्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पहिल्या सरींचं सोडून द्यायचं, मग जाळी, गाळण, टाकी. झालं.

न्हाणीचं पाणी म्हणजे अंघोळीचं, हातपाय धुतल्याचं, कपड्यांचं. संडासाचं यात येत नाही. भांडी घासायच्या मोरीचं काही जण यात धरतात, मी धरत नाही. तेलकट, खरकटं पाणी नळीत थर धरतं आणि झुरळांना आवतण देतं.

आता खरी गोम. पावसाच्या पाण्यात जिवाणूंना खायला फारसं काही नसतं. झाकलेल्या, अंधाऱ्या टाकीत ते महिनोन्‌महिने टिकतं. अंघोळीचं पाणी कोमट, त्यात साबण, घाम, अंगाचा मळ, केस. जिवाणूंना जेवणावळच. ते भराभर वाढतात, पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, आणि तो संपला की हवेवाचून जगणाऱ्यांचं राज्य येतं. कुजक्या अंड्यांचा वास येतो तो त्यांचाच. याला आठवडा लागत नाही, उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी पाणी फिरतं. म्हणून २४ तासांच्या आत ते मातीत गेलं पाहिजे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पहिल्या उन्हाळ्यात मीही दोनशे लिटरचं निळं पिंप भरून, वर झाकण ठोकून, जत्रेला तीन दिवस खानापूरला गेलो होतो. परत येऊन झाकण उघडलं, तर शेजारच्या काकू "ड्रेनेज फुटलं काय रे?" म्हणत दारात.

वाळू-कोळशाच्या गाळणीतून काढलं की पाणी शुद्ध होतं, हीसुद्धा आवडती समजूत. गढूळपणा जातो, एवढंच. विरघळलेले क्षार आणि बरेचसे जंतू खुशाल पलीकडे जातात. नितळ दिसणारं सगळं पाणी चांगलं नसतं, बाबांनो.

आज्जीच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. न्हाणीच्या मागं परसात केळ, अळू, कर्दळ. पाणी कुठं थांबायचं नाही, वाहत जायचं आणि मुरायचं. वरच्या हातभर मातीत हवा असते, असंख्य जीव असतात, मळ ते खातात. मला आजही हीच पद्धत पसंत. नळी झाडांच्या बुंध्याशी न्यायची आणि तिच्या तोंडाशी पाचोळा घालायचा, म्हणजे डबकं होत नाही. चौघांच्या घरात माणशी २० लिटरची एक बादली धरली तरी रोजचं ८० लिटर होतं. तेवढं नळाचं पाणी झाडांवर ओतायचं वाचतं. फक्त कोथिंबीर, मेथीच्या वाफ्यात हे पाणी नको. अथणी-रायबागकडच्या काळ्या मातीत असाल तर सोड्याच्या पावडरीचं पाणीही नको. त्यातल्या सोडियमनं माती चोपण होते आणि पाणी मुरायचंच थांबतं.

बोअरच्या पुनर्भरण खड्ड्यात न्हाणीची नळी सोडणाऱ्यांना मात्र हात जोडतो. तो खड्डा छपराच्या पाण्यासाठी असतो. मळ खाणारी वरची माती चुकवून पाणी झटकन खाली न्यायचं, हेच त्याचं काम. साबणाचं पाणी त्यातून थेट भूजलात उतरतं आणि शेजाऱ्याच्या विहिरीत निघू शकतं. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत काँग्रेस विहीर खोदली, ती लोकांना प्यायला पाणी मिळावं म्हणून. अशा विहिरींचं गाव आहे आपलं, त्यांच्या झऱ्यात फेस कशाला?

नळी टाकताना दोन वाटांचा व्हॉल्व्ह तेवढा बसवून घ्या. जून उजाडला, माती चिंब झाली, की केळीलाच पाणी नकोसं होतं. तेव्हा न्हाणीची वाट ड्रेनेजकडे फिरवायची आणि छपराची टाकीकडे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला वाफा सुकला की पुन्हा न्हाणीची केळीकडे.