पुलाखालच्या चित्रांआधी पुलाखालची जमीन

अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहराच्या बॅरिओ लोगन वस्तीत कोरोनाडो पुलाचे राखाडी खांब डोक्यापासून पायापर्यंत रंगलेले आहेत. मेक्सिकोच्या प्राचीन अ‍ॅझ्टेक देवता, मेक्सिकन क्रांतीचा नेता झापाटा, शेतमजुरांचे झेंडे. सात-आठ एकरांच्या या चिकानो पार्कचं (चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन) उदाहरण भित्तिचित्रांची गोष्ट निघाली की हमखास दिलं जातं. पण ‘चित्रं काढली आणि वस्ती सुधारली’ हा क्रम इथे साफ उलटा आहे.

मेक्सिकोतल्या १९१०च्या क्रांतीनंतर तिथून आलेली बरीच कुटुंबं या वस्तीत स्थिरावली. खाडी हाकेच्या अंतरावर होती. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने किनारा घेतला आणि पाण्याकडे जायची वाट बंद झाली. १९५०च्या दशकात पालिकेने निवासी भागात उद्योगांना मुभा दिली, तेव्हा घराला घर लागून मोडक्या गाड्यांचे भंगारवाडे आले. १९६३मध्ये महामार्गाने वस्तीचे दोन तुकडे केले, १९६९मध्ये पूल आला. दोन्ही कामांत हजारो लोकांना घरं सोडावी लागली. त्या बदल्यात पुलाखाली बाग देण्याचा शब्द होता.

२२ एप्रिल १९७० रोजी तिथे बुलडोझर दिसले. चौकशी केल्यावर कळलं, बाग नव्हे, महामार्ग पोलिसांचं ठाणं होणार. विद्यार्थी, आया, म्हातारी माणसं यंत्रांभोवती साखळी करून उभी राहिली. कुणी कुदळ-फावडी आणली, कुणी निवडुंगाची आणि फुलांची रोपं. टेलिफोनच्या खांबावर चिकानो झेंडा चढला. बारा दिवस लोक हलले नाहीत, शेवटी सरकारला नमतं घ्यावं लागलं.

रंग आला १९७३मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी. याच वस्तीत वाढलेले चित्रकार साल्वादोर तोरेस यांना त्या खांबांत कॅनव्हास दिसला होता. सिमेंट आधी आम्लाने धुऊन घेतलं जाई. पहिल्या दिवशी चित्रकारांसोबत वस्तीतलीही माणसं रोलर घेऊन भिंतीला भिडली. आधी ताबा, मग चित्र. म्हणून मला ही चित्रं सजावट वाटत नाहीत, वस्तीने स्वतःच लिहून काढलेला सातबारा वाटतात. १९७७च्या एका चित्राचं तर नावच आहे, ‘वस्ती हवी, भंगारवाडे नकोत’. मधल्या चौथऱ्यावरच्या मंडपाबाबतही असंच झालं. पालिकेला स्पॅनिश धाटणी हवी होती, लोकांनी मायन पिरॅमिडसारखा मंडप बांधून घेतला.

उद्यान ‘थेट खाडीपर्यंत’ न्या, ही पुढची मागणी होती. तीही एका खांबावर रंगवलेली आहे.

२०१६मध्ये उद्यानाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. त्याआधी, २०११-१२च्या सुमारास, फिकी पडलेली जुनी चित्रं पुन्हा रंगवली गेली. काही खांबांवर तर मूळ चित्रकारच पिकल्या केसांनी परत परांचीवर चढले. आणि या कामात पुढाकार होता राज्याच्या महामार्ग खात्याचा.