चाप हलका केला की नेम सुधारतो?

"पिस्तुलाचा चाप जितका हलका, तितका नेम अचूक, म्हणून आधी स्प्रिंग बदला." हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात थोडं तथ्य आहेही, जड चाप ओढताना हात हलू शकतो.

पण गोळी नळीच्या दिशेनं जाते. चाप सुटताना माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, जागेवर राहते का, एवढाच प्रश्न. त्यासाठी चाप न अडखळता सरकणं आणि दर वेळी एकाच जागी सुटणं जास्त मोलाचं. ऑलिंपिकच्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात चापाचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान 1000 ग्रॅम असावंच लागतं. तरी तिथला नेम पाहा!

पडताळायचं तर रेंजवर, प्रशिक्षकासमोर, पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, सुरक्षित दिशेला धरून सावकाश चाप ओढा. नजर माशीवर. ती झटक्यानं खाली किंवा बाजूला गेली, तर दोष बहुधा बोटाचा नाहीतर पकडीचा, आणि तो कुठल्याही सुट्या भागानं जात नाही.

उलट, घोड्याची, म्हणजे ठोका देणाऱ्या भागाची, स्प्रिंग फार हलकी झाली तर प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या, ठोक्यानं पेटणाऱ्या टोपीवर) ठोका कमी पडतो आणि काडतूस उडतच नाही. सिअर, म्हणजे चाप ओढेपर्यंत घोडा अडवून धरणारा खटका, बिघडला तर पिस्तूल नुसतं हातातून पडूनही गोळी सुटू शकते. माझ्या मते बदल करायचाच तर तो जाणकार कारागिराकडून, आणि तोही सराव झाल्यावर.