अँपचा नॉब, फोनची पट्टी आणि बुडालेले आठ आणे

गणपतीत चुलतभाऊ मुंबईहून आला आणि त्याने देवगडच्या घरी काकांच्या जुन्या अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरला, आपला फोन जोडला. हल्लीच्या बऱ्याच फोनना हेडफोनची पिन लावायला जागा नसते. म्हणून मध्ये बोटभर लांबीचा डॅक, म्हणजे फोनमधल्या गाण्याच्या आकड्यांची वीज करणारा तुकडा. स्पीकर फाटू नये म्हणून त्याने फोनचा आवाज जेमतेम ठेवला आणि अँपचा नॉब जवळजवळ शेवटपर्यंत फिरवला. भजन ठीक वाजलं. पण एक संपून दुसरं सुरू होईपर्यंत मधल्या वेळात नुसतं सूंऽऽऽ. काका माजघरातून ओरडले, "रे, ह्यो पाऊस काय तुझो स्पीकर?"

भावाचं निदान तयार होतं. फोनवर आवाज कमी केला की "बिट उडतात", तेव्हा ३२ बिटचा महागडा डॅक घ्यायला हवा. यातलं पहिलं अर्धं खरं आहे, आणि ते फार मजेदार आहे.

सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाला ४४,१०० आकडे, दर कानाला. प्रत्येक आकडा १६ बिटचा (बिट म्हणजे ० किंवा १ चं एक घर), म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. आवाजाची पट्टी खाली ओढली की फोन या आकड्यांना एकाहून लहान संख्येने गुणतो. आवाज ६ डेसिबलने (हे आवाजाच्या चढउताराचं माप) उतरवला की आकडा निम्मा होतो. समजा आकडा १२,३४५ होता. निम्मे ६,१७२ रुपये आठ आणे. पण १६ बिटच्या दुकानात सुटे पैसे चालत नाहीत, तेव्हा आठ आणे बुडाले! दर ६ डेसिबलला एक बिट असा जातो. ३६ डेसिबल उतरवा, ६ बिट गेले, उरल्या १,०२४ पायऱ्या. शिवाय ही बुडीत रक्कम गाण्याच्या चढउतारांबरोबर बदलत राहते, म्हणून हळू सूर खरबरीत ऐकू येतात. यावर तोडगा म्हणजे पूर्णांक करण्याआधी मुद्दाम थोडा अनियमित गोंगाट मिसळायचा. त्याला डिदर म्हणतात. चूक जात नाही, पण ती गाण्याच्या मागे लागायची सोडते आणि एकसारखी मंद फुसफुस होऊन बसते.

पण डॅक २४ बिटचा असेल आणि फोन त्याला २४ बिटचेच आकडे देत असेल, तर १६ बिटच्या गाण्याखाली ८ बिट रिकामे असतात. हेच ते सुटे पैसे, रुपयाचे २५६ भाग. १२,३४५ ला ८ वेळा निम्मं करा. ४८ रुपये आणि वर ५७ भाग, हिशेब तंतोतंत. म्हणजे ४८ डेसिबल खाली आलं तरी गाण्याचं काहीच बुडत नाही. भावाचा डॅक २४ बिटचाच होता.

मग सूं कुठून? डॅकच्या पुढे आकडे संपतात आणि वीज सुरू होते. तारेतले, रोधातले (रोध म्हणजे वीज अडवणारा छोटा भाग) इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत वळवळत असतात. बेल प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन यांनी हा गोंगाट मोजला, हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. दोघांचे निबंध १९२८ चे. आपल्याला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात १ किलोओहमचा साधा रोध अर्ध्या मायक्रोव्होल्टहून (मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग) जास्त गोंगाट करतो. कमाल २ व्होल्ट देणाऱ्या २४ बिट डॅकची सगळ्यात बारीक पायरी याहून लहान, सुमारे ०.३४ मायक्रोव्होल्ट! ३२ बिटची पायरी तिच्याही २५६ पट बारीक. खोक्यावरचा तो आकडा वाचून पैसे मोजणं म्हणजे समुद्राच्या गाजेत मुंगीची पावलं ऐकायला बसणं. सोन्याचा मुलामा दिलेल्या डिजिटल वायरींबद्दल तर मी बोलतच नाही.

खाडीपलीकडच्या होडीवाल्याला हाक मारायची आहे. तुम्ही कुजबुजलात आणि मध्ये उभ्या माणसाने कर्ण्यातून ते मोठं केलं, तर कुजबुज मोठी होईल आणि गाजही. भावाने हेच केलं होतं. फोनच्या पट्टीने गाणं ३० डेसिबल खाली गेलं. डॅकचा स्वतःचा गोंगाट बहुतांश होता तेवढाच राहिला. मग अँपने दोन्ही उचलले.

उलट टोकालाही गडबड आहे. काकांचा अँप ५० वॉटचा, ८ ओहमच्या स्पीकरला. म्हणजे २० व्होल्ट. असे अँप साधारण २० पट वाढवतात, तेव्हा नॉब पूर्ण उघडा असेल तर १ व्होल्टलाच त्याचा दम संपतो. त्यापुढे लाटांचे माथे कापले जातात आणि आवाज फाटतो. सीडी प्लेअर सहसा २ व्होल्ट देतात, म्हणून त्यांना नॉब अर्ध्यावरही भारी पडू शकतो. आणि घरात ऐकायला बहुतेक वेळा एक वॉटसुद्धा लागत नाही.

तेव्हा फोन जवळजवळ पूर्ण वर आणि नॉब हवा तेवढाच. सूं गेली. नॉब फिरवताना खरखर मात्र राहिली. ती खाऱ्या हवेने आतला संपर्क गंजल्याची, तिचा बिटांशी संबंध नाही. प्लग काढून आत क्लीनर मारला. काकूने नॉबवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, आणि काकांनी सगळ्यांना बजावलं, "ह्येच्या फुडे कोण जावचो नाय."