जवसाच्या तेलात मुरलेला पुठ्ठा आणि गोलिकोवचे घोडे

रशियातल्या पालेख गावचा काळा, चकचकीत, चित्रांनी मढलेला डबा पाहिला की सावंतवाडीच्या लाकडी वस्तू आठवतात आणि वाटतं, हेही लाकूड असणार, वर लाखेचं काम असणार. पण यात लाकूड नाही आणि लाखही नाही. आहे तो पुठ्ठा आणि जवसाचं तेल.

या कलेचा पालेखमधला जनक इव्हान गोलिकोव. पालेख गाव पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती देवचित्रं रंगवून जगत आलं होतं, गोलिकोवही त्यातच तयार झाला. १९१७च्या क्रांतीनंतर देवचित्रांना गिऱ्हाईक उरलं नाही. नाटकाचे पडदे रंगवून त्याने काही काळ पोट भरलं. पुढे मॉस्कोच्या हस्तकला संग्रहालयात त्याने फेदोस्किनो गावचे असेच पुठ्ठ्याचे, रंगवलेले काळे डबे पाहिले. कोरा डबा हाताशी नव्हता, म्हणून त्याने फोटो धुवायचा, पुठ्ठ्याच्याच जातीचा ट्रे घेतला आणि त्याच्या काळ्या तळावर सोन्याने आदमचं चित्र काढलं.

कागदाचा ट्रे पाण्यात आणि रसायनांत टिकतो कसा? मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथे आहे. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना खळ लावून त्या लाकडी साच्याभोवती गुंडाळतात, दाबतात, वाळवतात, गरम जवसाच्या तेलात मुरवतात आणि भट्टीत तापवतात. बाहेर येतो तो लाकडासारखा कठीण पदार्थ, करवतीने कापता येणारा.

तेल ‘वाळतं’ म्हणजे पाण्यासारखं उडून जातं, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात वाळताना जवसाच्या तेलाचं वजन वाढतं, कारण ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं. या तेलातल्या मेदाम्लांपैकी निम्म्याहून अधिक असतं लिनोलेनिक आम्ल, म्हणजेच ‘ओमेगा-३’ गटातलं एक मेदाम्ल. त्याच्या १८ कार्बनांच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात. दोन दुहेरी बंधांच्या मध्ये अडकलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल धरलेला असतो. तो सुटला की मागे एकटा इलेक्ट्रॉन उरतो, म्हणजे मुक्त मूलक तयार होतं. त्याला ऑक्सिजन चिकटतो, पेरॉक्साइड नावाचं अस्थिर संयुग बनतं, ते तुटून नवी मूलकं बनतात आणि शेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. तेलाच्या एका रेणूत अशा तीन साखळ्या असतात, त्यामुळे जोडणी सगळ्या दिशांना पसरते आणि मासेमारीच्या जाळ्यासारखं एकसंध जाळं विणलं जातं. खोबरेल तेलात दुहेरी बंध जवळजवळ नाहीतच, म्हणून ते कधीच असं वाळत नाही.

या क्रियेत उष्णता बाहेर पडते. जवसाचं तेल पुसलेल्या फडक्याचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर ती आत कोंडते, क्रिया आणखी वेग घेते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. कुणी हात न लावता कापड पेटलं की आपल्याकडे भानामतीची कुजबुज सुरू होते आणि मांत्रिकाचं फावतं. असं फडकं पाण्यात बुडवून ठेवावं. उपाय एवढाच.

पुठ्ठ्याला लाकडासारख्या शिरा नसतात. दमट हवेत लाकूड शिरांना आडवं अधिक फुगतं आणि वरचा रंग तडकतो. तेल मुरलेल्या पुठ्ठ्यात पाणी फारसं शिरतच नाही, त्यामुळे केसाएवढी रेघही शाबूत राहते.

आणि गोलिकोवला तशाच रेघा हव्या होत्या. फेदोस्किनोत तैलरंग वापरतात. पालेखवाल्यांनी देवचित्रांची जुनी पद्धत सोडली नाही, अंड्याच्या बलकात पाणी आणि थोडं व्हिनेगर घालून रंग कालवले. बलकातलं लेसिथिन तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतं. पाणी उडालं की थर बसतो, त्यावर लगेच दुसरा पातळ थर देता येतो. आधी पांढरं अस्तर, मग रंग, शेवटी वर्खाचं सोनं आणि ते लांडग्याच्या दाताने घासून चमकवायचं. गोलिकोवच्या तीन घोड्यांच्या गाड्या, लढाया आणि शिकारी यातूनच अशा धावत्या झाल्या.

५ डिसेंबर १९२४ रोजी त्याच्यासह सात चित्रकारांनी पालेखमध्ये सहकारी मंडळ काढलं. १९२५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांच्या कामाला बक्षिसं मिळाली. १९३७ मध्ये गोलिकोव गेला.

त्याच्या चित्रांवरचं पारदर्शक वार्निशही तेलाचंच. काळाबरोबर ते पिवळं पडतं, आणि विणलेलं जाळं कोणत्याही द्रावकात विरघळत नाही, नुसतं फुगतं. जालीम द्रावक वापरावा तर खालचा बलकाचा रंग धोक्यात येतो. म्हणून जुना पालेख डबा स्वच्छ करणं हे फार जोखमीचं काम आहे.