मतप्रतिपादक निबंध (परीक्षालेखन)

दिलेल्या वादविषयावर एक बाजू घेऊन ती ठरावीक वेळात वाचकाला पटवून देणारा निबंध. आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेत दुसऱ्या लेखनप्रश्नाला साधारण ४० मिनिटे आणि किमान २५० शब्द असतात. जीआरई या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या ‘इश्यू’ निबंधाला ३० मिनिटे. एसीटी या अमेरिकी महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेच्या ऐच्छिक लेखनात (४० मिनिटे) तीन दृष्टिकोन छापून येतात आणि आपल्या मताचे त्यांच्याशी नाते दाखवावे लागते. तशाच सॅट परीक्षेत २००५ पासून २५ मिनिटांचा मतनिबंध होता. २०१६ मध्ये त्याच्या जागी उताऱ्याच्या युक्तिवादाचे विश्लेषण आले. तिथे स्वतःचे मत मांडून भागत नसे, कारण लेखकाने कसे पटवले एवढेच विचारले जाई.

म्हणून पहिले काम प्रश्नाखालची सूचना वाचण्याचे. ‘कितपत सहमत आहात’, ‘दोन्ही बाजूंची चर्चा करून मत द्या’ आणि ‘हे धोरण कोणत्या परिस्थितीत फसेल’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत. विषयावर उत्तम लिहूनही सूचना सुटली की गुण जातात. आयईएलटीएसमध्ये प्रश्नाला दिलेला प्रतिसाद, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण या चारही निकषांना सारखे वजन असते. त्यामुळे निर्दोष भाषा पहिल्या निकषाची उणीव भरून काढत नाही.

४० मिनिटांपैकी ६–७ आराखड्याला, २८ लेखनाला आणि उरलेली तपासणीला द्यावीत. आराखडा म्हणजे पाच-सहा ओळी: प्रतिज्ञा (निबंधाचे मुख्य विधान), दोन कारणे, प्रत्येकाचा दाखला, विरोधकाचा सर्वांत बळकट मुद्दा आणि त्याला उत्तर. तीन कारणे अर्धवट मांडण्यापेक्षा दोन शेवटाला नेलेली बरी.

प्रतिज्ञेत मत आणि कारण दोन्ही हवेत. ‘गृहपाठाचे फायदे आहेत, तसे तोटेही’ ही प्रतिज्ञा नव्हे. ‘प्राथमिक वर्गांत लेखी गृहपाठ देऊ नये, कारण तो मुलाच्या समजुतीपेक्षा घरातल्या मदतीची परीक्षा घेतो’ ही प्रतिज्ञा. पुढचा प्रत्येक परिच्छेद या ‘कारण’ला बांधलेला असतो.

निबंध सर्वाधिक वेळा ढासळतो तो दाखला आणि मत यांच्यामधल्या दुव्यावर. विद्यार्थी लिहितो, ‘ज्या घरी शिकवणारे कोणी नाही, तिथल्या मुलाची वही कोरी राहते’, आणि तिथेच परिच्छेद संपवतो. पुढचे वाक्य राहून जाते: ‘कोऱ्या वहीवरून शिक्षक त्याला आळशी ठरवतो, न समजलेला भाग मात्र तसाच राहतो.’ पटवण्याचे काम हे दुसरे वाक्य करते. प्रत्येक दाखल्यानंतर ‘मग काय?’ असा प्रश्न स्वतःला विचारला की हा दुवा सापडतो. दाखला मोठा असण्याची गरज नाही. थोरांची नावे किंवा तयार केलेली टक्केवारी यांपेक्षा रोजच्या व्यवहारातले नेमके उदाहरण भक्कम ठरते, कारण त्याचा कार्यकारणभाव लिहिणाऱ्याला ठाऊक असतो.

शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, आधी मांडून मग खंडन करतात. परीक्षेतही तेच लागू पडते. ‘गृहपाठाने स्वतः अभ्यास करण्याची सवय लागते’ हा आक्षेप खरा आहे, तो प्रामाणिकपणे मांडावा. उत्तर असे देता येते: ही सवय शाळेतल्या शेवटच्या १५ मिनिटांच्या स्वाध्यायातही लागते आणि तिथे मदत सर्वांना सारखी मिळते. दुबळा आक्षेप निवडला तर खंडन पोकळ वाटते. आक्षेप अगदी शेवटच्या परिच्छेदात ठेवला आणि त्याला उत्तर मिळाले नाही, तर वाचकाच्या मनात विरोधकाचाच मुद्दा उरतो. तो शेवटून दुसऱ्या परिच्छेदात सोयीचा पडतो.

पाठ केलेल्या प्रस्तावना टाळाव्यात. ‘आजच्या धकाधकीच्या युगात’ अशी सुरुवात कोणत्याही विषयाला चिकटते, म्हणूनच परीक्षकाला तिच्यातून काही कळत नाही. ‘तसेच’, ‘शिवाय’, ‘म्हणून’ ही जोडपदेही कामापुरतीच. दोन वाक्यांत कार्यकारण नसताना ‘म्हणून’ घातले तर तर्कदोष अधिकच उघडा पडतो.

वेळ संपत आली तर तिसरा दाखला सोडावा, समारोप नव्हे. त्यासाठी दोन वाक्ये पुरतात. त्यात नवा मुद्दा आणू नये, कारण तो सिद्ध करायला जागा उरलेली नसते. तपासताना आधी प्रतिज्ञा आणि समारोप एकाच बाजूचे आहेत ना ते पाहावे, कारण लिहिता लिहिता मत सरकलेले असते. मग ‘नाही’ सुटलेली वाक्ये आणि शेवटी क्रियापदांचे लिंग-वचन.